बुधवारचा उपास

स्नेहानं विळा उलटा धरलाय, हे तिच्याआधी सगळ्या खाचराला कळलं. भाताची मूठ डाव्या हातात घट्ट आवळून ती विळा ओढत होती, ओढत होती, आणि भात काही तुटेना. शेवटी सगळं रोपच मुळासकट हातात आलं, खाली ओल्या मातीचा गड्डा लोंबत.

“अगं ए जुन्नरच्या पाव्हणी!” बांधावरून कुशाबाई ओरडल्या. “कापायचं हाय त्ये! गवात उपटायला न्हाई बोलावलं तुला.”

दहा-बारा वाकलेली माणसं एकदम सरळ झाली आणि हसली. स्नेहाही हसली, आणि तीच सगळ्यात मोठ्यानं. नववीत गेल्यापासून तिला एक शोध लागला होता: लोकांसमोर उभं राहिलं तरी आपले पाय आता थरथरत नाहीत. ऑगस्टमध्ये वक्तृत्व स्पर्धेत ती तालुक्यात पहिली आली, आणि तेव्हापासून एसटीच्या कंडक्टरपासून थेट मुख्याध्यापकांपर्यंत कुणालाही काहीही विचारायचं तिला धाडस झालं होतं. घरी आई म्हणायची, हिच्या तोंडाला आता झाकण सापडत नाही.

हसली नाही ती फक्त द्रौपदाआत्या. तिनं आपली ओळ सोडली, स्नेहाच्या मुठीतला विळा फिरवून दाते आतल्या बाजूला केले आणि हळूच म्हणाली, “गुडघ्याकडं वढू नको. बाजूला वढ. न्हाईतर भाताऐवजी पाय कापून घिशील.”

“आत्या, एक विचारू?”

“सकाळधरनं आठ इचारलंस.”

“आपलंही भात पिकलंय ना वर? मग आपण यांचं का कापतोय?”

“मजुरीला आलोय आपुन.”

“आणि आपलं कोण कापणार?”

“भुतं येत्यात रातची,” आत्या म्हणाली आणि परत वाकली.

शिनोलीच्या फाट्यावर एसटीतून उतरून डोंगराकडं तासभर चढलं की ही वाडी लागायची. स्नेहा इथं लहानपणी दोनदा आली होती, पण तेव्हा मे महिना होता आणि सगळं जळाल्यासारखं दिसत होतं. आताचा हा डोंगर तिला ओळखूच आला नव्हता. खाली भाताची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत गेलेली, पिवळी. त्यांच्या वर उतारावर खुरासणी फुललेली, ती आणखी पिवळी. आणि त्याच्याही वर दगड. वडील म्हणाले होते, “आत्या एकटीच आहे. मामांना कारखान्यावरून सुट्टी नाही. दिवाळीच्या सुट्टीत जा, तेवढाच तिला हात.” आत्याचे यजमान सावळेराममामा पारगावच्या साखर कारखान्यावर हंगामी कामाला होते. नेमका भात कापायच्या वेळेला तिकडं गाळपाचा भोंगा वाजायचा. त्यामुळे आत्याची डोंगरावरची दोन खाचरं दरवर्षी तिच्या एकटीच्या विळ्याची वाट बघत उभी राहायची, आणि निम्मं भात झडून जायचं.

यंदा तर आभाळ होतं. ऑक्टोबर संपत आला तरी दुपारी डोंगरामागून ढग डोकं काढायचे. माणसं कमर सरळ करायला उभी राहिली की आधी तिकडं बघायची.

स्नेहाच्या शेजारच्या ओळीत चांगदेव होता. पन्नाशीचा, सडपातळ, टोपी कायम कपाळावर सरकलेली. गावातली कुठलीही बातमी संध्याकाळच्या आत घरोघरी पोचवायचं काम त्याच्याकडं आपोआप आलेलं होतं. स्नेहाला असा माणूस म्हणजे पर्वणीच.

“काका, तुम्हाला मजुरीच्या किती पेंढ्या मिळतात?”

“मला?” चांगदेव टोपी मागं सारत म्हणाला. “मला काय मिळतंय? मी सावडीला आलोय.”

“सावड म्हणजे?”

“घ्या! शाळंत शिकवत न्हाईत वाटतं. आगं, आज आमी समदी कुशामावशीच्यात. उद्या समदी माझ्यात. परवा भागूच्यात. दिसाला दिस. कुनी कुनाला काय द्यायचं न्हाई, घ्यायचं न्हाई. फकस्त ज्याचं शेत, त्याचं जेवान. म्हनून तर हितं एवढी गर्दी. मावशीच्या हाताचं कालवण लई झनझनीत असतंय, पावणं. खाल्लं की धावत घोड नदीला जावं लागतंय.”

“काम कर, चांगद्या!” कुशाबाई म्हणाल्या. “तोंडाला इळा लावला असता तर आत्तापातुर खाचार झालं असतं.”

स्नेहा विचार करत दोन मुठी कापत गेली. दिसाला दिस. पैसे नाहीत, धान्य नाही, वही नाही, आणि कुणी विसरतही नाही. तिला ते फार आवडलं.

“मग आत्याची सावड कुणाशी असते?” तिनं विचारलं.

चांगदेवाला विळ्याच्या दात्यांत काहीतरी अडकलेलं दिसलं. ते तो बराच वेळ नखानं काढत राहिला.

दुपारी सगळे आंब्याखाली जमले. कुशाबाईंची सून वृषाली डोक्यावर पाटी घेऊन आली: भाकरीची चवड, कालवणाचं पातेलं, फोडलेले कांदे. माणसं गोल बसली. स्नेहाही हात धुऊन त्या गोलात बसली, अगदी मधोमध. वृषालीनं भाकरी वाढता वाढता सासूकडं पाहिलं. कुशाबाई कांद्याकडं बघत होत्या.

“स्नेहे,” आत्याची हाक आली. “हिकडं ये. आपली भाकर हिकडं हाय.”

आत्या पलीकडच्या बांधावर, उंबराखाली बसली होती. समोर फडक्यात बांधून आणलेली भाकरी. स्नेहा उठून तिकडं गेली.

“तिथं किती छान सावली आहे. इथं ऊन येतंय.”

“मला हीच बरी वाटती.”

आंब्याखाली हशा चालला होता. सोमवार होता, म्हणून वृषाली भाकरी न घेता उकडलेलं रताळं सोलत होती, आणि कुशाबाईंनी तिला धारेवर धरलं होतं.

“कामाच्या दिसात कसला गं उपास? पोटात भाकर नसली तर इळा चालतोय व्हय? महादेवाला काय कळत न्हाई का, हिचं भात झडतंय म्हनून?”

“मावशीनं जलमात उपास धरला न्हाई,” चांगदेव म्हणाला. “एकादशीला इठ्ठल बी हिला घाबरून म्हनत आसंल, जेव बाई, तू जेव.”

“तू जेव आदुगर, न्हाईतर भाकर काढून घीन हातातली.”

स्नेहा घास चावत तिकडं बघत होती. चौदा एप्रिलला विहारासमोर तिनं भाषण केलं होतं. पाणवठे, रांगा, वेगळ्या बशा, सगळं सगळं सांगितलं होतं आणि शेवटी टेबलावर मूठ आपटली होती. टाळ्या थांबेनात. पण त्या भाषणात उंबराचं झाड नव्हतं. कुणी कुणाला काही बोललेलं नाही, कुणी हाकललेलं नाही, आत्या आपल्या पायानं येऊन बसलेली. मग याला म्हणायचं काय? तिनं आंब्याखालची माणसं मोजली. अकरा. अकराही सावडीची. मजुरीची दोनच, ती इथं उंबराखाली.

संध्याकाळी कुशाबाईंनी दोन दिवसांपूर्वी कापून वाळलेल्या भाताच्या पेंढ्या काढल्या. आत्याच्या पदरापाशी पाच ठेवल्या. मग स्नेहाकडं वळून तीन.

“पोर हायेस, तरी तीन घे. उपटलंस त्ये धरलं न्हाई मी.”

पुन्हा हशा. स्नेहानं पेंढ्यांकडं पाहिलं, मग आंब्याकडं, मग उंबराकडं.

“आजी, मला पेंढ्या नकोत,” ती म्हणाली. “माझी सावड धरा.”

हसणं जागच्या जागी राहिलं. वृषालीनं पाटी उगाच या कडेवरून त्या कडेवर घेतली. आत्यानं स्नेहाचा दंड धरला, पण शब्द निघून गेला होता.

“म्हणजे मी आज तुमच्यात आले, तर तुमच्यातलं एक माणूस आत्याच्यात. दिसाला दिस. काकांनी सांगितलं मला.”

“मी?” चांगदेव म्हणाला. “मी आपलं नुसतं... इचारलं म्हनून सांगितलं.”

कुशाबाई स्नेहाकडं बघत राहिल्या, बाजारात नवीन जातीची शेळी बघावी तशा. मग वाकून त्यांनी त्या तीन पेंढ्या उचलल्या, परत रचलेल्या उडवीवर टाकल्या, आणि हात झटकले.

वाटेत पाच पेंढ्या डोक्यावर घेऊन आत्या भराभर चढत होती, आणि स्नेहा मागून जवळजवळ पळत होती. ओढा ओलांडल्यावर आत्या थांबली.

“कोन मोठी लागून गेलीस तू?”

“आत्या, मी फक्त...”

“तीन पेंढ्या गेल्या. जाऊ दे गेल्या तर.” आत्यानं भारा खाली टेकवला. “सावडीला आलेलं मानूस ज्याच्या शेतात येतं, त्याच्याच हातचं जेवतं. चांगद्यानं सांगितलं ना ह्ये पन? मंग. तुझं मामा आन् मी ह्या वाडीत एकवीस वर्सं काढली. मजुरीला बोलावत्यात, आमी जातो. नीट वागत्यात. आजारपनाला येऊन उभी ऱ्हात्यात. पन मी कंदी म्हनले न्हाई, माझ्यात या. मागितलंच न्हाई, तर न्हाई म्हनायची पाळी कुनावर आली न्हाई. त्यांच्यावर न्हाई, माझ्यावर न्हाई. आता तू मागून बसलीस. आता कुशाताई येनार न्हाईत, आन् मला रोज वाटंकडं बघावं लागंल.”

स्नेहानं भाऱ्याला हात लावला आणि तो परत आत्याच्या डोक्यावर चढवला.

मंगळवारी सकाळी ती उठली तेव्हा चुलीपुढं आत्याच्या भाकऱ्या चालल्या होत्या. स्नेहानं अर्धवट झोपेतच मोजल्या. आठ. दोन माणसांना आठ? आत्यानं त्या फडक्यात बांधल्या, वर चटणीचा डबा ठेवला, आणि स्नेहा बघतेय हे दिसल्यावर म्हणाली, “पीठ जास्त भिजलं.”

आत्याची खाचरं वाडीच्या वर, जवळजवळ डोंगराच्या पोटात होती. तिथून खाली सगळं दिसायचं: पाऊलवाट, कुशाबाईंचं घर, आणि चांगदेवाच्या शेतात वाकलेली अकरा माणसं. हसण्याचा आवाज वरपर्यंत यायचा, शब्द तेवढे यायचे नाहीत. स्नेहाच्या तळहाताला फोड आला, फुटला. दोघींनी मिळून दुपारपर्यंत एका खाचराचा एक कोपरा साफ केला. कापताना लोंब्या हलल्या की दाणे मातीत पडत, बारीक आवाज करत. भात अति पिकलं होतं. आत्या प्रत्येक मूठ लेकराचं डोकं धरावं तशी धरत होती, तरी ते पडत होतेच.

“उन्हं हायेत अजून दोन दिस,” आत्या म्हणाली. “दोन दिसांत झालं तर झालं.”

पाऊलवाटेकडं ती एकदाही बघत नव्हती. इतकं न बघणं स्नेहानं कुणाचं पाहिलं नव्हतं.

दुपारी दोघींनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. रात्री त्यातल्याच दोन, शिळ्या. उरलेल्या आत्यानं सकाळी कुस्करून कोंबड्यांना घातल्या. बुधवारी तिनं पीठ मोजून घेतलं आणि तीनच भाकऱ्या थापल्या.

ऊन डोंगरावरून खाली उतरायच्या आत त्या खाचरात होत्या. स्नेहा पाठमोरी होती, त्यामुळे तिला आधी फक्त आवाज आला.

“कुठनं धरू?”

बांधावर कुशाबाई उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, विळा खांद्यावर, चढ चढून छातीचा भाता चाललेला. स्नेहाला इतका आनंद झाला की ती विळ्यासकट धावत सुटणार होती. आत्या मात्र हलली नाही. तिची नजर कुशाबाईंच्या चेहऱ्यावर नव्हती, हातांकडं होती. स्नेहानंही तिकडं पाहिलं. एका हातात विळा. दुसरा हात मोकळा. खांद्यावर, कमरेला, डोक्यावर कुठंही भाकरीचं फडकं नव्हतं.

“कुशाताई,” आत्या म्हणाली. “तुमी... तुमचं आज भागूच्यात हाय ना?”

“तिकडं सून गेली. म्या म्हनलं, ह्या पोरीचा दिस अंगावर नको. चांगद्या समद्या वाडीत सांगत फिरतोय, कुशीनं पोरीचा दिस बुडवला म्हनून.” त्यांनी ओळ धरली. “पन आईक. पोरीनं जेवढं केलं तेवढंच करनार. तीन पेंढ्यांचं. वर एक मूठ न्हाई.”

पहिल्या तासातच त्यांनी त्या दोघींना मागं टाकलं. वय साठीच्या पुढं असेल, पण विळा असा फिरायचा की मूठ हातात आल्यावर कळायचं, कापली कधी ते. मधून मधून त्या बोलत, आणि सगळं बोलणं स्नेहाच्या नावानं.

“ए भाषनवाली, कापलेली कडपं नीट पसर. लोंब्या एका अंगाला. आईनं वेनी घालायला शिकवली का न्हाई? तसं.”

“आजी, तुम्ही इतकं भराभर कसं कापता?”

“इचारत न्हाई कुनाला काय. म्हनून.”

आत्याचाही विळा कालच्यापेक्षा भरभर चालला होता. दाणे कमी पडत होते की तसं वाटत होतं, कुणास ठाऊक. सूर्य माथ्यावर आला तोवर पहिलं खाचर संपलं होतं आणि दुसऱ्याची कड मोकळी झाली होती. कालच्या दिवसभरात दोघींनी केलं त्याच्या तिप्पट.

मग आत्या थांबली. ती बांधावरच्या पळसाकडं गेली, तिथं तिचं फडकं होतं, आणि गाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. तीन भाकऱ्या. स्नेहाला वाटलं, भाकऱ्या कमी आहेत म्हणून ती थांबलीय. मग वाटलं, नाही, त्याच्यासाठी नाही.

“तुमी बसा जेवायला,” कुशाबाई खाचरातूनच म्हणाल्या, मान वर न करता. “मला नको. माझा उपास हाय आज.”

आत्याचा चेहरा काहीतरी सुटल्यासारखा झाला आणि त्याच वेळी काहीतरी विझल्यासारखा. “बरं,” ती म्हणाली.

“कशाचा उपास, आजी?” स्नेहानं विचारलं.

“हाय एक.”

स्नेहाच्या डोक्यात वार फिरू लागले. वर्गातल्या मैत्रिणींमुळे तिला सगळे पाठ होते. सोमवार महादेवाचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आज बुधवार. आणि परवाच ही बाई आंब्याखाली बसून सुनेला काय म्हणत होती? पोटात भाकर नसली तर इळा चालतोय व्हय? प्रश्न जिभेवर आला, अगदी टोकावर. बोलली असती तर आजी खोटी पडली असती. आणि आत्या तिथंच उभी होती, फडक्याची गाठ धरून.

“उपासाला रताळं चालतं ना?” स्नेहानं विचारलं.

मुद्दाम विचारलं की सहज, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं.

कुशाबाईंचा विळा थांबला. त्यांनी मान वर केली. खाली भागूच्या शेतात माणसं जेवायला बसायच्या तयारीत होती.

“चालतं,” त्या शेवटी म्हणाल्या. चालत नाही म्हणायला काही जागाच नव्हती.

“स्नेहे!” आत्या म्हणाली, पण स्नेहा निघालीसुद्धा. आत्याच्या घरामागं, सांडपाण्यावर रताळ्याचा वेल पसरला होता. तिनं हातांनीच माती उकरली, फुटलेल्या फोडात चिखल गेला तरी उकरली, आणि ओढणीत पाच रताळी बांधून चढ चढत परत आली. दोघींच्या सकाळच्या चहासाठी पेटवलेल्या काटक्यांचा विस्तव राखेखाली अजून होता. तिनं तो फुंकून फुलवला आणि रताळी निखाऱ्यांत ढकलली. ती भाजेपर्यंत कुशाबाई बांधावर बसून विळ्याचे दाते पुसत होत्या. आत्या चार हात लांब, जमिनीकडं बघत. तिनं अजून फडकं सोडलं नव्हतं.

साल करपल्याचा गोड वास सुटला. स्नेहानं एक रताळं काडीनं बाहेर ओढलं, पळसाच्या पानावर ठेवलं आणि कुशाबाईंपुढं नेलं. त्यांनी ते हातात घेतलं, या हातातून त्या हातात उडवलं, फुंकलं, साल काढलं. आत पांढरं निघालं, वाफाळतं. पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला.

“ग्वाड हाय,” त्या म्हणाल्या. “बेनं कुठलं?”

“माहेरचं,” आत्या म्हणाली. “हिच्या आईनं दिलेलं.”

“हं.”

दुसरा घास. तिसऱ्याला त्या थांबल्या, छातीवर मूठ आपटली आणि तोंड वाकडं केलं. आत्या घाईनं उठली, तांब्या उचलला, आणि दोन पावलांवर थबकली, तांब्या हातात तसाच.

“पानी नको,” कुशाबाई म्हणाल्या. “पान्यानं काय व्हतंय? नुसतं रताळं छातीतच बसतंय. भाकर हाय का जराशी?”

आत्यानं काही ऐकलंच नाही असं वाटलं.

“आन् चटनी असली तर ती बी.”

“नाचनीची हाय,” आत्या कशीबशी म्हणाली.

“मंग? माझ्या घरी काय गव्हाची असती व्हय?”

आत्यानं तांब्या खाली ठेवला. फडक्याची गाठ तिला सुटेना. तिनं ती दातांनी सोडली. काळपट भाकरी, तिच्यावर लाल चटणीचा गोळा, तिनं हात लांब करून पुढं धरली. कुशाबाईंनी ती तिच्या हातातून घेतली, मांडीवर ठेवून मोडली, अर्धी परत फडक्यावर टाकली आणि उरलेल्या अर्धीचा तुकडा चटणीत बुडवला.

स्नेहानं तोंड उघडलं. प्रश्न अगदी तयार होता, प्रश्नचिन्हासकट. कुशाबाई घास चावत तिच्याकडंच बघत होत्या.

“काय गं? आज काय इचारायचं न्हाई व्हय?”

“न्हाई,” स्नेहा म्हणाली, आणि दुसरं रताळं निखाऱ्यातून काढायला वाकली.

तेवढ्यात खालून हाक आली. भागूच्या बांधावर चांगदेव उभा होता, कपाळावर हात धरून वर बघत. त्याच्या मागं माणसं गोल करून बसलेली, वृषालीही त्यात.

“मावशे! एऽ मावशे! खाली ये जेवायला! का उपाशीच ऱ्हानार हायेस?”

कुशाबाईंचा हात तोंडापाशी थांबला. डोंगरावर वारा नव्हता. इथून बोललेला शब्द खाली जसाच्या तसा पोचला असता, आणि तिथून संध्याकाळच्या आत प्रत्येक घरी. आत्या उभ्या जागी दगड झाली होती. स्नेहाच्या हातातलं रताळं पोळत होतं, तरी तिला ते खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

कुशाबाईंनी घास तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. पदरानं तोंड पुसलं. मग त्या बांधावर उभ्या राहिल्या.

“जेवतीया रं!” त्या ओरडल्या. “ज्याचं शेत त्याचं जेवान! बोंबलू नको!”

खाली चांगदेवाचा हात कपाळावर तसाच होता.

कुशाबाई परत खाली बसल्या, अर्धी उरलेली भाकरी त्यांनी फडक्यावरून उचलली, आणि शेजारची जागा हातानं झाडली.

“बस की, द्रौपदे,” त्या म्हणाल्या. “उनात का उभी?”